बाबांचा कफ आणि संध्याकाळचं पाणी

ती. आई-बाबांना सा. न.

काल आई फोनवर बोलत होती आणि मागे बाबा खाकरत होते. आई म्हणाली, "काही नाही गं, हवा बदललीये." पण घशाला चिकटलेलं सुटत नाही तेव्हाचं ते खाकरणं मी लहानपणापासून ओळखते. फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून विषय संपवतात, म्हणून पत्र लिहितेय.

बाबा, मी दिवाळीला आले होते तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. दुपारचा चहा झाला की तुम्ही पाण्याला शिवत नाही. उशाशी तांब्या भरलेला, त्यावर फुलपात्र उपडं, आणि सकाळी आई ते पाणी तसंच तुळशीला घालते. रात्री उठायला लागू नये म्हणून हे चाललंय ना? गुडघे धरलेले, अंधारात पडवीतून जायचं, मला कळतं. पण अंगात पाणी कमी पडलं की कफ घट्ट होतो आणि डिंकासारखा धरून बसतो. मग कितीही खाकरा, नुसता घसा सोलवटतो. तुमच्या डॉक्टरांना मी फोन करून विचारलं. तुम्हाला पाण्याचं बंधन नाही. तेव्हा पाणी तोडू नका, फक्त वेळ बदला. उठल्यापासून चार वाजेपर्यंत कोमट पाणी भरपूर प्या, नंतर घोटघोट. रात्री जेवताना आईच्या हातचं कुळथाचं कढण घ्या. आणि पडवीतला दिवा रात्रभर चालू राहू दे.

आई, आता तुझ्याशी. वाफारा दे, पण ते उकळतं जर्मनचं पातेलं सांडशीनं उचलून पाटापर्यंत नेऊ नकोस. तुझा हात हल्ली थरथरतो. बाबा मांडी घालून, चादर पांघरून त्यावर वाकतात. पातेलं कलंडलं तर मांड्या भाजतील. नुसत्या विचारानं माझ्या पोटात गोळा येतो. शनिवारी वाफेचं मशीन घेऊन येतेय, तोवर गरम पाण्याच्या आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार लावून पाच मिनिटं बसू दे त्यांना, तीही वाफच. पाण्यात बाम नको, डोळ्यांना झोंबतो. वाफेनं सर्दी बरी होत नाही, पण नाक मोकळं वाटतं, तेवढं पुरे.

खिडकीतली नाकात घालायच्या थेंबांची बाटली मात्र बंद. ते थेंब सलग तीन दिवसांच्या वर घातले की त्यांचा असर ओसरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. बाबांचं नेमकं हेच झालंय. त्याऐवजी मिठाचं पाणी: उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात अजिबात नको. गुळण्यांनाही तेच चालेल. ज्येष्ठमधाची काडी चघळणंही थांबवा बाबा. घशाला बरं वाटतं, पण त्यानं रक्तदाब वाढतो आणि तुम्हाला त्याचीच गोळी चालू आहे. दुकानातून सर्दीची गोळीही परस्पर आणू नका; त्यातल्या काहींनी रक्तदाब चढतो, काहींनी लघवी अडते.

कफ काढताना जोर लावून खोकू नका. चष्मा पुसायच्या आधी काचेवर "हाऽऽ" करता ना, अगदी तसं. खोल श्वास घ्या, तोंड उघडं ठेवा आणि पोटातून हाऽऽ करत सोडा. दोन-तीनदा केलं की कफ वर सरकतो, मग एकदाच खोका. झोपताना पाठीखालून दोन उशा घ्या. आणि आई, देवघरातली उदबत्ती सध्या अंगणात तुळशीपाशी लाव.

धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, ताप उतरेना, बाबा असंबद्ध बोलायला लागले किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली आला, तर माझी वाट बघू नका. शेजारच्या काकांना हाक मारून लगेच दवाखान्यात जा, रात्र असली तरी.

हा खोकला दिवाळीपासूनचा आहे, म्हणजे दोन आठवडे उलटून गेले. इतका टिकला की थुंकी तपासायचीच असते. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सोमवारी सकाळी मी बाबांना घेऊन जाईन. आई, बाबांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं कपाटातल्या डबीत जपून ठेवतेस ना, तीही सोबत काढून ठेव. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो, ते डॉक्टरांना विचारायचंय.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं निघते. जेवायला थांबू नका.

तुमची
मनू