हप्ता वाढवून वजन घटत नाही

लठ्ठपणाचा देशाच्या अर्थव्यवस्थेवर पडणारा भार मांडणारा आपला अग्रलेख वाचला. विषय वेळेवर घेतलात. मात्र लठ्ठ व्यक्तींकडून आरोग्यविम्याचा जादा हप्ता घ्यावा, ही त्यातील सूचना पटली नाही.

भार मोठा आहे, यात वाद नाही. अतिरिक्त वजनामुळे सदस्य देशांचे सकल देशांतर्गत उत्पादन सरासरी ३.३ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज ‘ओईसीडी’ या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने २०१९ मध्ये वर्तवला होता. त्यात उपचारांच्या खर्चासोबत बुडालेले काम आणि घटलेली उत्पादकताही धरली आहे. टोमणे, नोकरीच्या मुलाखतीतली ती वरपासून खालपर्यंतची नजर, गुडघा न तपासताच ‘आधी वजन कमी करा’ म्हणणारे डॉक्टर, हे मात्र कोणत्या रकान्यात मांडायचे? हे सोसणाऱ्या लठ्ठ माणसाला जादा हप्ता लावला, तर तो बारीक होणार नाही. विमा सोडेल आणि आजार विकोपाला गेल्यावरच दवाखान्याची पायरी चढेल. म्हणजे खर्च वाढणारच.

दुसरा मार्ग आहे. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून शीतपेयांतील साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, तोही ग्राहकावर नव्हे, उत्पादक आणि आयातदारांवर. १०० मिलीलिटरमागे पाच ग्रॅम साखरेची करमुक्त मर्यादा ठरताच अनेक कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच साखर कमी केली. (चव बदलल्याची कुरकूर झाली, ती होणारच.) हप्त्याऐवजी या कराची शिफारस अग्रलेखाने करायला हवी होती.

– एक वाचक