शस्त्रक्रिया झाली, ऐकायला कोण शिकवणार?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या काही बालकांवर झालेल्या कॉक्लिअर इम्प्लांट (कानाच्या आत बसवायचे श्रवणाचे यंत्र) शस्त्रक्रियांची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात छायाचित्रासह आली. शस्त्रक्रिया होताच मुले ऐकू-बोलू लागली, असा बातमीचा एकंदर सूर होता. बातमी आनंदाची आहेच. पण तिच्यात जे राहून गेले, ते आमच्या घरात गेली अडीच वर्षे रोज घडत आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या नातीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, हे बेरा तपासणीत (आवाजाचा संकेत मेंदूकडे पोहोचतो का, हे पाहणाऱ्या) कळले तेव्हा ती सोळा महिन्यांची होती. जिथे ती जन्मली, तिथे ओएई ही बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होणारी तपासणी कोणी केली नव्हती. आणि पुढे शंका आली तेव्हा ‘तिचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणून आम्हीच एकमेकांची समजूत घातली. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांना सुरुवात, हा दंडक आम्हाला समजला तेव्हा त्याच्या तिन्ही मुदती उलटून गेल्या होत्या. श्रवणयंत्राचा पुरेसा उपयोग होईना, म्हणून दुसऱ्या वर्षी इम्प्लांट झाले. काही आठवड्यांनी बाहेरचा, आवाज टिपून आतल्या यंत्राला पोहोचवणारा प्रोसेसर प्रथम सुरू केला, त्या दिवशी ती दचकली आणि रडली, एवढेच. श्रवणतज्ज्ञांनी तेव्हा सांगितलेली गोष्ट मी विसरलो नाही : मुलगी दोन वर्षांची असली, तरी तिच्या ऐकण्याचे वय आज शून्य दिवस आहे.

ते वय वाढवायचे काम म्हणजे ऐकण्या-बोलण्याची थेरपी. तीत थेरपिस्ट मुलाच्या समोर न बसता शेजारी बसतात, कारण मुलाने ओठांकडे न पाहता कानावर भिस्त ठेवावी, असा हेतू असतो. आणि खरे शिक्षण मुलाचे नव्हे, आईचे चालते. तासभर पाहून आलेले आईने आठवडाभर घरी करायचे असते. आमच्याकडे रोज सकाळी सून नातीच्या मागे बसून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी एकेक करून उच्चारते आणि ध्वनी ऐकू आला की नात गालाशी धरलेला मणी डब्यात टाकते. एका सकाळी ‘स’ला मणी गालाशीच राहिला, दुसऱ्या दिवशी ‘श’लाही, तेव्हा कळले की केबल बिघडली आहे. नवी केबल शहरातून यायला पाच दिवस लागले आणि ते पाच दिवस तिच्यापुरते घर मुके झाले.

मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकवले, तरी आपल्या भाषेचा किती भार तिच्या बारीक ध्वनींवर आहे, हे मला नातीमुळे उमगले. ‘तो गेला’ आणि ‘तू गेलास’ यांत शेवटच्या ‘स’ने मोठा फरक पडतो, आणि तो ध्वनी सर्वांत उंच पट्टीतला, म्हणून सर्वांत आधी निसटणारा. ‘आजीने भरवले’ आणि ‘आजीला भरवले’ यांतले ‘ने’ आणि ‘ला’ आपण इतक्या हलक्याने उच्चारतो की अधू कानाला नुसते ‘आजी’ आणि ‘भरवले’ पोहोचते. कोणी कोणाला, ते कळतच नाही. (वर्गात मागच्या बाकावर बसवून ज्यांना मी ‘लक्ष नसते’ असा शेरा दिला, त्यांतल्या किती जणांना ऐकूच येत नसेल, हा विचार आता झोप उडवतो.) एका ठिकाणी आम्हाला मुलीशी फक्त इंग्रजीत बोलण्याचा सल्ला मिळाला होता; ज्या भाषेत आईला अंगाई, राग आणि थट्टा सहज जमते, तीच भाषा मुलाला द्यावी, हे आमच्या थेरपिस्टनी नंतर ठामपणे सांगितले.

सांकेतिक भाषेला माझा विरोध नाही. अनेक कुटुंबांना तीच योग्य वाटते आणि तिच्याही सोयी वाढायला हव्यात. पण सरकार ज्या मुलाच्या कानात यंत्र बसवते, त्याला ऐकायला शिकवण्याची जबाबदारी अर्धवट सोडता येणार नाही. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेत 2014च्या सुधारणेनुसार एका इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. त्याआधी, 2013 साली, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात पालघर येथून झाली आणि जन्मजात बहिरेपण शोधून जिल्हा केंद्रात लवकर उपचार देणे त्यात अभिप्रेत आहे. प्रत्यक्षात आमची सून दर आठवड्याला पहाटेच्या एसटीने पुण्याला जाते, तासाभराची थेरपी घेते आणि रात्री परतते. तिच्याबरोबर प्रतीक्षागृहात बसणाऱ्या एका आईने रोजंदारी बुडते म्हणून येणे सोडले. तिच्या मुलाचे यंत्र आता कपाटात आहे, असे ऐकतो.

माझी मागणी मोठी नाही. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस थेरपिस्ट यावेत, हमीची मुदत संपल्यावर प्रोसेसरची केबल, डोक्याला चिकटणारी कॉइल आणि बॅटरी यांचा खर्च गरजू कुटुंबांना मिळावा, आणि प्रत्येक प्रसूतिगृहात बाळ घरी जाण्यापूर्वी ओएई तपासणी व्हावी. आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती : छायाचित्रातल्या त्याच बालकांकडे दोन वर्षांनी पुन्हा जावे, आणि कोणाच्या कानावर प्रोसेसर आहे व थेरपी कोणाची चालू आहे, एवढे छापावे.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, कराड (जि. सातारा)