अण्णा, गाडी तुम्ही वळवली होती

प्लिमथ, इंग्लंड
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही चार वाक्यं ऐकता आणि आईकडं देता. हे सलग ऐकायला हवं, म्हणून लिहिते आहे. दादाला शेजारी बसवून वाचा, यात त्याच्याही कामाचं थोडं आहे.

मी इथं गाडी शिकते आहे. आपलं लायसन इथं एक वर्षच चालतं, माझं वर्ष संपलं. रात्रपाळी सुटते तेव्हा बस मिळत नाही, त्यामुळं परीक्षा देणं भाग आहे. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच, डावी. हातांना काही अडचण नाही. अडचण होते ती कानांना. शिकवणारे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले आहेत (डेव्हनपोर्टची मोठी गोदी याच गावात आहे), आणि शब्द जागचा हललेला त्यांना चालत नाही.

दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "बेअर लेफ्ट." मी लेफ्ट तेवढं ऐकलं आणि गाडी डावीकडच्या गल्लीत घातली. त्यांनी बाजूला थांबवून समजावलं. टर्न लेफ्ट म्हणजे हा रस्ता सोडून डावीकडच्या रस्त्याला लागायचं. बेअर लेफ्ट म्हणजे रस्ता जिथं फाटतो तिथं डावी बाजू धरून पुढं जायचं, स्टिअरिंग जरासंच द्यायचं. मला बेळगावजवळचा आपला पिरनवाडीचा फाटा आठवला. खानापूरचा रस्ता सोडून जांबोटीकडं लागताना तुम्ही म्हणायचात, "वळायचं नाही, अंगानं धरून जायचं." मी तेव्हा टेम्पोत तुमच्या शेजारी बसलेली असायची. हाच तो बेअर. तुम्ही मला तो आधीच शिकवला होता.

आता दादासाठी. टर्न हा शब्द लॅटिनमधून आला, आणि तिथं त्याचा अर्थ लेथवर फिरवणं असा होता. म्हणजे उद्यमबागेत आपला दादा टर्नर म्हणून जे करतो ते या शब्दाचं मूळ काम, आणि रस्त्यावरचं वळणं नंतर आलं. स्वर्व्ह म्हणून आणखी एक शब्द आहे, गाडी एकदम बाजूला काढणं. त्याचं जुन्या इंग्रजीतलं मूळ कानशीनं घासणं असं आहे. लेथ आणि कानस, दोन्ही दादाच्याच हातातली. त्याला सांगा, मला हे वाचून फार आनंद झाला.

जहाजाची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. सुकाणूचा दांडा एका बाजूला ढकलला की जहाज दुसऱ्या बाजूला वळतं. पूर्वी हुकूम दांड्याचा द्यायचे, जहाजाचा नाही. त्यामुळं "स्टारबोर्ड", म्हणजे उजवी, असं ओरडलं की जहाज डावीकडं जायचं. ब्रिटननं ही पद्धत १९३० च्या दशकात बदलली. हुकूम देणारा आणि सुकाणू धरणारा या दोघांच्या मनात एकच बाजू असली तरच ते चालत असणार.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

इथं व्हीअर असाही एक शब्द आहे. फ्रेंचमधून आलेला. रेडिओवर समुद्राचं हवामान सांगतात, ३१ सागरी भागांची नावं घेऊन, त्यात आमचं प्लिमथही येतं. त्यात वारं "व्हीअर" झालं म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरलं, आणि उलटं फिरलं तर "बॅक" झालं. आपण नुसतं "वारं फिरलं" म्हणतो. इथं त्या एका शब्दावरून नाखव्याला कळतं की पश्चिमेचं वारं वायव्येकडं सरकतंय की नैर्ऋत्येकडं.

मागच्या आठवड्यात शिकताना समोर मांजर आलं. मी गाडी बाजूला काढली, मागं कुणी नव्हतं म्हणून निभावलं. थांबल्यावर त्यांनी विचारलं, काय झालं ते सांग. मी म्हणाले, "द कार व्हीअर्ड." ते म्हणाले, नाही. गाडी व्हीअर झाली नाही, तू स्वर्व्ह केलंस. ड्रायव्हरचा डोळा लागला, टायर फुटला, ताबा गेला, की पेपरात गाडी "व्हीअर्ड ऑफ द रोड" असं छापून येतं. काही वाचवायला गाडी काढली तर "स्वर्व्ह्ड" लिहितात, आणि कशाला वाचवायला तेही पुढं लिहितात. दोन्हींत गाडी बाजूलाच जाते. पण तू पाहत होतीस, हे पहिल्या शब्दात दिसत नाही.

अण्णा, मला पुढचं ऐकूच आलं नाही. आपल्या ट्रंकेतला कागद डोळ्यांपुढं आला.

मी नववीत होते. श्रावणातली पहाट, गोव्याला जाणारी कोबी आणि ढबू मिरचीची गाडी, जांबोटी सोडून कणकुंबीकडं. धुकं आणि पाऊस. म्हशीचं रेडकू आडवं आलं, तुम्ही गाडी डावीकडं घेतली, चाक चरात गेलं, माल सांडला. रेडकू वाचलं. नंतर विम्याचा कागद इंग्रजीत आला. पोलिसांचा कन्नडमध्ये होता. तुमची शाळा मराठी, सातवीपर्यंतची. घरात इंग्रजी येणारी मीच, म्हणून कागद माझ्या हातात दिलात. "व्हीअर्ड" शब्द मी शब्दकोशात पाहिला, "दिशा बदलणे" असं होतं, आणि मी म्हणाले, बरोबर लिहिलंय. रेडकाचं नाव त्यात कुठंच नव्हतं हेही माझ्या लक्षात आलं नाही. मालकांनी तोच कागद वाचला आणि ठरवलं की तुम्हाला झोप लागली होती. किल्ली काढून घेतली. तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. मला वाटत राहिलं की कागदात लिहिलंय तेच झालं असेल.

किती सरळ होतं ते! इंग्रजीत टर्न एकच, गाडीही टर्न होते आणि माणूसही टर्न करतो. आपल्याकडं गाडी वळली आणि गाडी वळवली ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्या एका "व"मध्ये माणूस असतो. तुम्ही प्रत्येक वेळी "वळवली" म्हणालात. पोलिसांना, विम्याच्या माणसाला, मालकांना, आईला. कागदावर "वळली" झालं, आणि त्याला बरोबर म्हणणारी मी होते.

माझी चूक झाली, अण्णा. तेव्हा मला इंग्रजी येत होतं असं मला वाटायचं.

सोबतच्या चिठ्ठीवर मी ते वाक्य नीट करून लिहिलं आहे, वर मराठीत आणि खाली इंग्रजीत, रेडकासकट. दादानं ती त्या कागदाला टाचून ट्रंकेत ठेवावी, आणि मूळ कागदाचा फोटो मला पाठवावा. मालकांना दाखवायची की नाही ते तुम्ही ठरवा. दाखवायची असेल तर मी फोनवर असेन, इंग्रजीचा अर्थ मी सांगेन.

माझी परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे. आईला सांगा, जेवण वेळेवर होतं. पाय दुखायचा थांबला का तिचा?

आणि तुम्ही एक करा. त्या पहाटेचं मला स्वतः लिहून पाठवा. रेडकू कुठल्या अंगानं आलं, तुम्हाला किती लांबून दिसलं, चर केवढा होता. मी तुम्हाला हे कधी विचारलंच नाही.

तुमची,
बाळी