बंदुकीची बातमी काडतुसापासून लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चिनी सैन्याच्या छोट्या शस्त्रांवर सचित्र लेख वाचला. त्यात क्यूसीडब्ल्यू-०५ या सबमशीनगनला (पिस्तुलासारख्या लहान काडतुसावर चालणारी आखूड स्वयंचलित बंदूक) सर्वांत जास्त जागा दिली आहे. विषय निवडल्याबद्दल अभिनंदन. मराठी वृत्तपत्रांत यावर फारसे कोणी लिहीत नाही. पण मोठे चित्र खऱ्या बंदुकीचे नाही, ते व्हिडिओ गेममधले आहे. २०१३ साली आलेल्या ‘बॅटलफील्ड ४’ या गेममध्ये याच घराण्यातली बंदूक ‘जेएस२’ या नावाने खेळणाऱ्याच्या हाती येते. चित्राखाली तसा एक शब्दही नाही. कृपया दुरुस्ती छापावी.

चूक छायाचित्र विभागाची असेल तर एवढ्यावर थांबलो असतो. पण लेखाची भाषाही गेममधूनच उचलल्यासारखी आहे: आवाज न करणारी, चिलखत भेदणारी, पन्नास गोळ्यांची. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत माझी सगळी नोकरी झाली. बंदूक पाहिली की आधी ती कोणते काडतूस खाते हे विचारायचे, अशी आम्हा कामगारांची सवय. तो प्रश्न या लेखाने विचारलाच नाही, आणि या बंदुकीची खरी गोष्ट तिथेच आहे.

कोरियन युद्धाच्या काळात चिनी सैनिकांकडे होती ती टाइप ५०, म्हणजे सोव्हिएत पीपीएसएच-४१ची नक्कल. पाठोपाठ आलेली टाइप ५४ ही पीपीएस-४३ची नक्कल. काडतूसही सोव्हिएतांचेच, ७.६२ × २५ मि.मी. (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा काडतुसाच्या कवचाच्या लांबीचा). पुढे टाइप ६४ ही सायलेन्सर बसवूनच घडवलेली बंदूक आली आणि मग टाइप ७९. ही मला फार लक्षवेधी वाटते. वजन दोन किलोंच्या आत, मॅगझिन वीस गोळ्यांचे आणि आतली यंत्रणा रायफलीसारखी, वायूच्या दाबावर चालणारी, फिरत्या बोल्टची (बोल्ट म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग). एवढ्याशा बंदुकीत इतके सुटे भाग म्हणजे यंत्रशाळेवर भार. त्यामुळे टाइप ८५ काढताना चिन्यांनी तीच बंदूक सोपी केली आणि मॅगझिन तीस गोळ्यांचे केले. एक पाऊल मागे घ्यायला ते कचरले नाहीत.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत प्रश्न बदलला. साध्या पिस्तुलाची ९ मि.मी.ची जाड, बोथट गोळी सैनिकाच्या अंगरख्यातल्या चिलखती कापडात अडकू लागली. बेल्जियमने आपल्या पी-९० या आखूड बंदुकीसाठी ५.७ मि.मी.चे, जर्मनीने तशाच एमपी-७ साठी ४.६ मि.मी.चे लहान आणि वेगवान काडतूस तयार केले. चीनने ५.८ × २१ मि.मी. निवडले, ते आधी क्यूएसझेड-९२ पिस्तुलात आले आणि त्याच्याभोवती क्यूसीडब्ल्यू-०५ उभी राहिली. काम चीनच्या आयुध उद्योगातील २०८ क्रमांकाच्या संशोधन संस्थेचे आणि चोंगचिंगच्या जिआनशे कारखान्याचे. मॅगझिन मुठीच्या मागे, जशी त्यांची क्यूबीझेड-९५ रायफल. त्यामुळे नळी पुरेशी लांब राहूनही बंदूक आखूड होते, आणि चिलखती गाडीतून किंवा हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्याला हीच सोय हवी असते. लष्कराच्या निवडीच्या स्पर्धेत चांगफेंग नावाची दुसरी बंदूकही होती. तिचे पन्नास गोळ्यांचे मॅगझिन गोल नळकांड्यासारखे, बंदुकीच्या पाठीवर आडवे बसणारे. दिसायला तीच भारी. लष्कराने मात्र ती घेतली नाही.

आता लेखातल्या ‘आवाज न करणारी आणि चिलखत भेदणारी’ या वाक्याकडे येतो. ही दोन्ही कामे एकाच गोळीकडून होत नाहीत. चिलखत भेदायला लहान गोळीला प्रचंड वेग लागतो, आणि आवाजाच्या वेगापलीकडे गेलेली गोळी हवेत कडाडते. तो कडाड नळीवरचा सायलेन्सर दाबू शकत नाही. तो फक्त नळीच्या तोंडाशी होणारा स्फोट दाबतो. म्हणून सायलेन्सरसोबत वेगळे, जड गोळीचे, कमी वेगाचे काडतूस द्यावे लागते. वेग कमी केला की चिलखत भेदण्याची ताकद जाते, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच फायदा हातचा सुटतो. गेममध्ये सायलेन्सर बसवला की बंदूक शांतही होते आणि समोरचा पडतोही. तिथे चालते ते, वर्तमानपत्रात चालू नये.

शिवाय वेगळे काडतूस म्हणजे वेगळी उत्पादन रांग, मापे तपासायची वेगळी गेजे, वेगळी चाचणी, वेगळा साठा. एका लॉटमध्ये (खेपेत) प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी बुडाची टोपी, खोल बसला किंवा आतल्या स्फोटक दारूचे वजन हलले, तर सगळा लॉट अडकतो, आणि त्या मापाचे काडतूस दुसऱ्या कुठल्या कारखान्यातून आणता येत नाही. १ ऑक्टोबर २०१९ च्या बीजिंगच्या संचलनात क्यूबीझेड-१९१ ही नवी रायफल जगाने पाहिली. तिच्याच पिढीतली क्यूसीक्यू-१७१ ही सबमशीनगन पाहा: मॅगझिन पुन्हा पुढे, नेहमीच्या जागी, आणि काडतूस ९ × १९ मि.मी. हे माप १९०२ पासून चालत आले आहे आणि जगभर बनते. आपल्या लेखात याचा उल्लेख नाही. जुन्या बंदुकीचे गोडवे गाताना तिच्या घडवणाऱ्यांनीच दुसरी वाट धरली, एवढे तरी वाचकाला कळायला हवे होते.

पडद्यावरच्या शस्त्रांचा आणखी एक त्रास आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानच्या पंजशीर खोऱ्यातला हवाई हल्ला म्हणून ‘आर्मा ३’ या गेममधले दृश्य आपल्याकडच्या काही हिंदी वाहिन्यांनी खरे म्हणून दाखवले. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान हुतात्मा झाले, तेव्हा एकही गोळी झाडली गेली नव्हती. १९९६ च्या करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याची अट आहे. तरी त्या दिवसांत पडद्यावर बंदुकांच्या तुलनेचे तक्ते फिरत होते. विचार करण्यासारखे हेही आहे की ‘बॅटलफील्ड ४’वर खुद्द चीनने डिसेंबर २०१३ मध्ये ‘चायना रायझिंग’ या त्याच्या जोडभागावरून बंदी घातली. आपल्या प्रतिमेबाबत तो देश इतका सावध असताना आपण त्याच्या शस्त्राचे कौतुक परदेशी गेम कंपनीच्या चित्रावरून करावे, हे मला पटत नाही.

आणि ही गोष्ट पुण्याच्या दारातली आहे, म्हणून जास्त लागते. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेने अशाच विचाराने, वेगळ्या लहान काडतुसाभोवती, ५.५६ × ३० मि.मी.ची जेव्हीपीसी ही कार्बाइन (आखूड, हलकी बंदूक) केली. डिसेंबर २०२० मध्ये तिने लष्कराच्या चाचण्यांचे सगळे निकष पूर्ण केले. बंदूक कानपूरला बनते, काडतूस आमच्या खडकीला. आपले वेगळे माप, चीनचे वेगळे माप, अडचणी सारख्याच. जानेवारी २०२१ मध्ये समोर आलेले ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी एआरडीईच्या साथीने केले. त्यात ९ × १९ चेच काडतूस आहे. २०२५ मध्ये लष्कराच्या सव्वाचार लाख कार्बाइनच्या निविदेत पुण्याची भारत फोर्ज सर्वांत कमी बोलीची ठरली. ती कार्बाइन ५.५६ × ४५ मि.मी. हे रायफलीचे पूर्ण काडतूस वापरते. म्हणजे आपण तिसरीच वाट घेतली. साठ्याच्या दृष्टीने ती मला योग्य वाटते, पण आखूड नळीत ती दारू पूर्ण जळत नाही. तोंडाशी ज्वाळा आणि दणका वाढतो. बंद खोलीत शिरणाऱ्या जवानाला ते सोसावे लागेल.

भारत फोर्जच्या या कार्बाइनवर आपल्या पुरवणीत पूर्ण पानाचा लेख यावा, अशी मनापासून विनंती आहे. आपल्या वार्ताहराने पाषाणला आणि खडकीला जाऊन विचारावे: हे काडतूस का निवडले, आखूड नळीसाठी दारूत काही बदल केला का, नळी किती हजार गोळ्यांनंतर बदलावी लागते, सायलेन्सर लावला तर कोणती गोळी द्यायची? जी माहिती सुरक्षेसाठी देता येत नाही ती कोणी देणार नाही. उरलेली देणारी जाणती माणसे तिथे आहेत.

आपला,
एक निवृत्त कामगार
खडकी, पुणे