साहेब, छोट्या सिनेमाला दुसरा शुक्रवार दिसू द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : तालुक्याच्या गावांत छोट्या सिनेमांसाठी आठवड्याचा एक ठरलेला खेळ मिळण्याबाबत

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. करमाळा आमच्यापासून एसटीने दीड-दोन तासांवर. माझे खत-बियाणांचे दुकान आहे. सिनेमाच्या धंद्याशी माझा काही संबंध नाही, मी तिकीट काढून बघणारा माणूस आहे. पण वर्षातून दोनदा माझे सगळे वेळापत्रक सिनेमावर ठरते. जानेवारीत पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा दुकान धाकट्या भावावर सोपवून मी कर्वेनगरला आत्याकडे मुक्काम ठोकतो. आणि एप्रिल संपता संपता, पोरांच्या परीक्षा उरकल्या की, पेरणीची गर्दी सुरू व्हायच्या आत, जो मोठा सिनेमा लागेल तो घरातल्या सगळ्यांना घेऊन बघतो. आईसुद्धा येते. या दोन्ही ठिकाणी मी सारख्याच ओढीने जातो, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो आहे.

सिनेमाचे वेड लागले ते १९९४ च्या उन्हाळ्यात. 'ज्युरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आला होता आणि माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. वडील सोलापूरला घेऊन गेले. गाडीत ठेवलेल्या पेल्यातले पाणी थरथरते, पुन्हा थरथरते, आणि तो सर्वांत भयंकर डायनासोर, टी-रेक्स, अजून कुठे दिसलेलाही नसतो. त्या क्षणी शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी आजोबांनी माझे मनगट घट्ट धरले. मध्यंतरापर्यंत सोडले नाही. अंधारात अनोळखी माणसांसोबत बसून एकाच वेळी घाबरायचे, हसायचे, यात जे काही आहे ते मला तेव्हा कळले.

पुढे बी.एस्सी.साठी पुण्यात राहिलो. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फिल्म क्लबचे खेळ व्हायचे, तिथे मित्रांच्या नादाने जाऊ लागलो. इराणचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' अशाच एका संध्याकाळी पाहिला. बहिणीचे बूट हरवतात आणि मग भाऊ-बहीण एकाच जोडीत आलटून पालटून शाळेला धावत जातात. आम्हा दोघा भावांत एक सायकल होती, सकाळची शाळा त्याची, दुपारची माझी. तेहरानच्या गल्लीतली गोष्ट माझ्या घरातली निघाली. त्या रात्री वसतिगृहावर परतताना मी कुणाशी बोललो नाही.

म्हणून साहेब, 'महोत्सवाचे सिनेमे' आणि 'गर्दीचे सिनेमे' अशी भिंत घालून कुणी बोलले की मला वाईट वाटते. ही भिंत आपल्या मातीतली नव्हे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सलग ५७ आठवडे चालला, आणि त्याच सिनेमाचा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. बैलगाडी जोडून सिनेमाला येणारी माणसे आणि इटलीतले परीक्षक एकाच तुकोबांपुढे बसले. पुण्याच्या महोत्सवात उत्कृष्ट मराठी सिनेमाला मिळणाऱ्या पुरस्काराला 'संत तुकाराम' हे नाव दिले आहे, ते मला म्हणूनच फार योग्य वाटते.

आणि आमच्या डोळ्यांदेखत घडलेला 'सैराट' आहेच. २०१६ च्या फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २९ एप्रिलला आपल्याकडे लागला. ऐन उन्हाळ्यात. चित्रीकरण करमाळा तालुक्यातले, बोली आमच्या घरातली. तिकीटखिडकीवर शंभर कोटींचा टप्पा गाठणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. गाण्यावर पडद्यापुढे नाचणारी पोरे सगळ्यांनी पाहिली, त्याच्या बातम्या झाल्या. मला मात्र शेवटची दोन मिनिटे आठवतात. आवाज बंद होतो. लहानग्याची पावले उमटत जातात. आमच्या टॉकीजमध्ये सिनेमा संपायच्या आधीच उठून दाराकडे पळायची रीत आहे, खुर्च्यांचा खडखडाट होतो. त्या दिवशी एकही खुर्ची वाजली नाही. दिवे लागले तरी बाया बसून होत्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर तोंडात धरला होता. हा सिनेमा महोत्सवाचा की गर्दीचा, हे त्या टॉकीजमध्ये बसून कुणी मला सांगावे.

'सैराट'मागे मोठी वितरण यंत्रणा उभी होती, गाणी आधीच घराघरांत पोचली होती. ज्यांच्यामागे हे काही नसते त्यांचे काय होते, ते आपल्यासमोर मांडायचे आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आला, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि १७ एप्रिल २०१५ ला तो लागला. मी पुण्याला जाऊन पाहिला. न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. आमच्या रांगेतले लोक पिशव्या उचलून उठले. मागून कुणीतरी म्हणाले, "बसा, बसा, अजून आहे." आणि मग सुट्टीच्या सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात. उठलेली माणसे पुन्हा बसली. इतका वेळ ज्यांच्या हाती एका शाहिराचे आयुष्य होते, त्यांना आम्ही घरगुती कपड्यांत, नातलगांत पाहिले. एसटीत परतताना मी भिगवणपर्यंत त्याच शेवटाचा विचार करत होतो. पण गावी येऊन ज्यांना ज्यांना सांगितले त्यांना तो बघता आला नाही, कारण आमच्याकडे तो आलाच नाही.

छोट्या सिनेमाची जाहिरात म्हणजे पाहून आलेल्या माणसाचे तोंड. शुक्रवारी पाहिलेला माणूस रविवारी पाहुण्यांना सांगतो, सोमवारी कचेरीत सांगतो, ऐकणारा मंगळवार-बुधवारपर्यंत मनाची तयारी करतो. तोवर सिनेमा उतरलेला असतो. मोठ्या सिनेमाला पहिले तीन दिवस पुरतात, त्याची ओढ आधीपासून तयार असते. छोट्याला निदान दुसरा शुक्रवार बघायला मिळाला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या शहरातल्या एका चित्रपटगृहात मी नावाजलेल्या मराठी सिनेमाचे तिकीट काढले. सकाळी सव्वादहाचा एकच खेळ. माझ्यासोबत आमच्या गावातल्या दोन निवृत्त शिक्षिका होत्या, दोघी पासष्टीच्या पुढच्या, उन्हातान्हाच्या एसटीने आलेल्या. खिडकीवर सांगितले, दहा जण झाले नाहीत, खेळ रद्द. आम्ही सहा जण होतो. उरलेली चार तिकिटे मी घेतो म्हणालो. तरी नाही. पैसे परत मिळाले, पण त्या दोघी बाई नंतर कधी माझ्यासोबत सिनेमाला आल्या नाहीत. छोट्या सिनेमाला प्रेक्षक नाहीत असे ज्या आकड्यांवरून म्हटले जाते, त्या आकड्यांत त्या दिवशीचे आम्ही सहा जण कुठेच नाही.

यात मी टॉकीजवाल्यांना दोष देत नाही. आमच्या गावच्या टॉकीजचे मॅनेजर माझे गिऱ्हाईक आहेत, दुकानात बसून बोलतात. मोठ्या सिनेमाचा वितरक सांगतो, चारही खेळ द्या, दोन आठवडे द्या, नाहीतर सिनेमा देत नाही. त्यांना नाही म्हणता येत नाही, कारण मेच्या सुट्टीत जे गल्ल्यात पडते त्यावर पावसाळा काढायचा असतो. 'बाहुबली'चा दुसरा भाग २०१७ मध्ये, 'ॲव्हेंजर्स : एंडगेम' २०१९ मध्ये, दोन्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आले. ते सिनेमे नसते तर आज ती टॉकीज मंगल कार्यालय झाली असती. मला ते सिनेमे मनापासून आवडतात. माझा मुलगा 'एंडगेम' बघून हुंदके देत बाहेर आला होता, आणि मी त्याला जवळ घेतले होते. तो सिनेमा चालावा, जोरात चालावा. फक्त आठवड्याच्या अठ्ठावीस खेळांतला एक खेळ बाजूला काढता यावा.

२०२३ मध्ये एप्रिलच्याच अखेरीला भाऊराव कऱ्हाडे यांचा 'टीडीएम' आला. 'ख्वाडा' करणाऱ्या, राष्ट्रीय पुरस्काराने गौरवलेल्या दिग्दर्शकाचा सिनेमा. खेळ मिळत नाहीत म्हणून तो थांबवावा लागला आणि जूनमध्ये पुन्हा आणावा लागला. ज्याचे नाव आहे त्याची ही गत, तर पहिलाच सिनेमा करणाऱ्याचे काय?

सरकारने काही केलेच नाही असे मी म्हणणार नाही. २०१५ च्या एप्रिलमध्येच, 'कोर्ट' लागला त्याच महिन्यात, मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवणे बंधनकारक केले. हेतू चांगला होता. पण चर्चा होऊन प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ असा ठरला. मंगळवारी दुपारी साडेबाराला सिनेमा लावला तरी नियम पाळला जातो. त्या वेळी मी दुकानात असतो, शिक्षक शाळेत असतात, बाया रानात असतात. शिवाय तो नियम मल्टिप्लेक्सचा. आमच्याकडे एक पडदा आहे.

अनुदानाचेही तसेच. समिती सिनेमा बघते, गुण देते, अ दर्जा, ब दर्जा ठरतो आणि निर्मात्याच्या हाती पैसे येतात. त्यातून सिनेमे तयार होतात, ही मोठी गोष्ट आहे. पण करदात्याच्या पैशातून मदत मिळालेला सिनेमा करदात्याच्या गावात दाखवला गेला का, हे विचारणारा रकाना त्या फायलीत मला हवा आहे. प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क निर्मात्याला भरावे लागते, सिनेमा चालो न चालो. पंधरा-वीस प्रेक्षकांच्या भरवशावर तालुक्याला सिनेमा पाठवणे त्याला परवडतच नाही.

म्हणून माझी मागणी आहे ती एवढीच : प्रत्येक तालुक्यात आठवड्याला एक ठरलेला खेळ. वार बदलायचा नाही, वेळ बदलायची नाही. गुरुवारी संध्याकाळी सात म्हणजे सात. गुरुवारी जुन्या सिनेमाचा जोर ओसरलेला असतो, शुक्रवारी नवा लागायचा असतो, टॉकीजचे नुकसान सर्वांत कमी. तरीही तेवढ्या एका खेळाचे भाडे सरकारने टॉकीजला हमीने द्यावे, प्रक्षेपणाचे शुल्कही भरावे, आणि तिकीट पन्नास रुपयांच्या आत ठेवावे. अनुदान घेतलेल्या सिनेमाने प्रदर्शनानंतर ठरावीक मुदतीत आपली प्रत या खेळांसाठी द्यावी, अशी अट घालावी. लोकांना सवय लागली की ते नाव न बघता येतील. बाजाराचा दिवस कुणी जाहिरातीत बघत नाही.

जिथे टॉकीज बंद पडल्या आहेत तिथे नगरपालिकेची नाट्यगृहे आहेत. वर्षातले कितीतरी दिवस त्यांना कुलूप असते. तिथे सिनेमा दाखवायचा तर परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागतो आणि ती वाट लांबची आहे. आठवड्यातल्या एका खेळासाठी ती सोपी करता येईल. केरळ सरकारची स्वतःची चित्रपटगृहे आहेत, तिरुवनंतपुरमला कैरळी, श्री, निळा हे पडदे सरकारी महामंडळ चालवते आणि त्यांच्या महोत्सवाची गर्दी तिथेही होते. आपण ज्या मातीत दादासाहेब फाळके जन्मले तिथे राहतो. आपल्याला ते जमणार नाही असे मला वाटत नाही.

आणखी एक. पुण्याच्या महोत्सवात परदेशी सिनेमांना खाली इंग्रजी ओळी असतात. माझी आई मराठी सातवी शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचते. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' मी तिला घरी लॅपटॉपवर दाखवला, थांबवून थांबवून प्रत्येक ओळ मराठीत सांगत. शर्यतीच्या प्रसंगाला तिने मला गप्प बसवले, म्हणाली, "कळतंय मला." महोत्सवात गौरवलेल्या निदान चार-पाच सिनेमांना दरवर्षी मराठी ओळी लावून ते गुरुवारच्या खेळात फिरवावेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांतली मुले हे काम आनंदाने करतील.

२०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने अमेरिकेत सनडान्सला परदेशी कथापटांतला सर्वोच्च पुरस्कार घेतला. बर्फातल्या त्या गावात बसलेल्या लोकांना साबराचे बोंड म्हणजे काय हे सांगावे लागले असेल. आमच्या बांधावर ते पिकते. काटे जमिनीवर घासून काढायचे, नखाने साल सोलायची, ओठ-जीभ लालभडक होतात. तो सिनेमा बघायला मला पुण्याला जावे लागले, येऊन-जाऊन बारा तास. ज्यांना बोंड सोलता येते त्यांच्या गावात तो गुरुवारी सातला लागायला हवा होता.

आमच्या नाट्यगृहाची किल्ली नगरपालिकेच्या शिपायाकडे असते, सभागृह सहाशे खुर्च्यांचे आहे, पंखे चालू आहेत, रंगमंचाच्या मागची भिंत पांढरी आहे. येत्या मे महिन्यात आपण एक गुरुवार आणि एक सिनेमा द्या. पहिल्या खेळाची दोनशे तिकिटे खपवण्याची जबाबदारी मी घेतो. त्या दोन शिक्षिकांना आणायला मी स्वतः जाईन.

आपला नम्र,
एक प्रेक्षक
जि. सोलापूर