कंबरेचा घेर सेंटिमीटरमध्ये छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारतात लठ्ठ माणसे किती, या प्रश्नाची सध्या चार उत्तरे फिरत आहेत. एक म्हणते ९.८ टक्के स्त्रिया, दुसरे २४ टक्के स्त्रिया, तिसरे २८.६ टक्के प्रौढ आणि चौथे थेट ५६.७ टक्के स्त्रिया. वाचक गोंधळतो आणि शेवटी ‘हे आकडे असेच असतात’ म्हणून पान उलटतो. गंमत अशी, की चारही आकडे खरे आहेत. ते एकाच गोष्टीचे नाहीत, एवढेच बातमीत यायचे राहून जाते.

९.८ टक्के हा २०२२ सालचा जागतिक पाहणीतला आकडा. त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ३० किंवा अधिक असेल तरच बाई लठ्ठ धरली जाते. १९९० साली याच रेषेवर १.२ टक्के स्त्रिया होत्या. २४ टक्के हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१). तिथे रेषा २५ वर आहे आणि वय फक्त १५ ते ४९. २८.६ टक्के हा आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासाचा. त्यातही रेषा २५ चीच, पण वय २० च्या पुढे कितीही, स्त्री-पुरुष दोन्ही. ५६.७ टक्क्यांचा तर वजनाशी संबंधच नाही. ज्या स्त्रियांच्या कंबर आणि नितंबांच्या घेराचे गुणोत्तर ०.८५ किंवा अधिक भरले, त्यांचे ते प्रमाण आहे.

ही रेषा कागदावरची वाटते, पण अंगावर तिचा अर्थ केवढा बदलतो पाहा. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी बीएमआय २३ म्हणजे सुमारे ५५ किलो, २५ म्हणजे ६० आणि ३० म्हणजे ७२ किलो. तज्ज्ञांनी २००९ साली भारतीयांसाठी सुचवलेल्या निकषांप्रमाणे ५६ किलोला ती अतिवजनी ठरते. आंतरराष्ट्रीय निकषाने ७१ किलोलाही ती ‘लठ्ठ’ नाही. दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करताना रेषा एकच आहे का, हे आधी पाहिले नाही तर वाढ की घट हेही कळणार नाही.

कुटुंब आरोग्य पाहणीच्या फेऱ्यांपुरते बोलायचे तर रेषा आणि वय तेच राहिल्याने तुलना चालते. २००५-०६ मध्ये २५ च्या वर १२.६ टक्के स्त्रिया होत्या, २०१५-१६ मध्ये सुमारे २१, मग २४. पुरुष ९.३ वरून सुमारे १९ आणि मग २२.९ वर आले. याच काळात कमी वजनाच्या स्त्रिया ३५.५ टक्क्यांवरून १८.७ वर उतरल्या, म्हणजे सगळी रांगच जास्त वजनाकडे सरकली आहे. महाराष्ट्रात मात्र स्त्रियांचा आकडा चौथ्या आणि पाचव्या फेरीत २३.४ वरच थांबलेला दिसतो. यावरून ‘राज्यात लठ्ठपणा स्थिरावला’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. राज्यातली मोजणी पहिल्या टप्प्यात, कोविडच्या आधी झाली. आणि पन्नाशीनंतरची बाई, जिच्या पोटावर पाळी गेल्यावर चरबी झपाट्याने साठते, ती या आकड्यात मुळी येतच नाही.

आता मुख्य मुद्दा. बीएमआय म्हणजे किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्यात चरबी कुठेही मोजलेली नसते. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात हे गणित मांडले ते लोकसंख्येतला सरासरी माणूस शोधण्यासाठी. आपल्याकडे ते कुठे फसते, हे पुण्यातच दाखवून दिले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्सा या क्ष-किरणांच्या तपासणीत अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! त्याआधी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना झाली होती. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. आपली हाडा-स्नायूंना बरीच कमी, पण खांद्याच्या फऱ्याखालच्या त्वचेची घडी, म्हणजे तिथली चरबी, त्या मानाने फारशी कमी नाही. किडकिडीत हात-पाय आणि सुटलेले पोट ही ठेवण अशी जन्मापासूनची आहे.

त्यात वयाची भर पडते. तिशीनंतर व्यायाम नसेल तर दर दशकात स्नायू काही टक्क्यांनी घटतात. वजन तेवढेच राहिले, तर गेलेल्या स्नायूची जागा चरबीने घेतली असे समजावे. काटा वीस वर्षे ६२ किलो दाखवत राहतो आणि पोट तेवढे पुढे येते. लोकसंख्येच्या पातळीवर हेच घडत असेल तर बीएमआयचा आलेख सपाट राहील आणि मधुमेहाचा चढत जाईल. इंडियाब अभ्यासात बीएमआयने २८.६ टक्के लठ्ठ निघाले, पोटाच्या घेराने ३९.५ टक्के. मधली तफावत काट्याला न दिसणाऱ्या माणसांची आहे.

म्हणून टेप हवी. पण ती लावायची रीत सांभाळली नाही तर तिचाही उपयोग नाही. बरगडीचे सर्वांत खालचे हाड बोटाने चाचपायचे, कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये, कुशीला, पेनाने खूण करायची. बेंबी हा खुणेचा बिंदू नव्हे. पोट सुटलेल्यांची बेंबी खाली ओघळलेली असते. पाय जवळ, हात सैल, टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेली पण रुतलेली नाही. सहज श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत घेऊ द्यायचे नाही. दोनदा मोजून एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा दोनदा. परकराची नाडी सैल करायला लावणे अवघड जाते म्हणून साडीवरून मोजले जाते, ते टाळावे. शिंप्याची कापडी टेप वापरून ताणली जाते, फायबरची घ्यावी. आणि ‘माझा पँटचा नंबर दहा वर्षांत बदलला नाही’ यावर कुणी विसंबू नये. पोट वाढले की पट्टा त्याच्या खाली उतरतो, नंबर तोच राहतो.

उंचीचेही तसेच. वर सांगितलेल्या ६० किलोंच्या बाईचा बीएमआय २४.९७ येतो. उंची चुकून १५४ लिहिली गेली की तो २५.३० होतो आणि ती गट ओलांडते. डोक्यावरच्या अंबाड्याने चूक उलट दिशेला होते. जिममधली विजेवर चरबी सांगणारी यंत्रे अंगातल्या पाण्यावरून अंदाज करतात, त्यामुळे जेवण, घाम, पाळी यांनी आकडा हलतो. लोकसंख्येतला बदल टिपायला ती नकोतच.

टेप राज्यात पोहोचलेली आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराच्या जोखमीला गुण देणारा तक्ता, आशाताई भरतात, त्यात कंबरेचा घेर विचारलेला आहे. स्त्रियांना ८० पर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, ९० च्या वर दोन. पुरुषांना ९० पर्यंत शून्य, ९१ ते १०० ला एक, त्यापुढे दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलावले जाते. निवडीपुरते हे ठीक. पण नुसता गुण उरला की ८१ आणि ९० सारखेच दिसतात, आणि पाच वर्षांत घेर ८२ वरून ८९ झाला तरी कागदावर काहीच बदललेले नसते. आरोग्य विभागाने प्रत्यक्ष सेंटिमीटर नोंदवावेत आणि दरवर्षी जिल्हावार, वयोगटवार, स्त्री-पुरुष वेगळे असे मध्यक आकडे जाहीर करावेत. आशाताईंना त्यासाठी एक जास्तीची टेप आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण मिळावे, आणि या कामाचा मोबदलाही.

वृत्तपत्रांकडूनही एक अपेक्षा. लठ्ठपणाची बातमी देताना कोणती रेषा, कोणता वयोगट, कोणते साल आणि वजन मोजले की घेर, एवढे एका ओळीत छापावे. सोबतच्या चित्रात दर वेळी एखादा अगडबंब माणूस दाखवतात, त्याऐवजी एकदा किडकिडीत हातांचा आणि ९४ सेंटिमीटर कंबरेचा माणूस दाखवला, तर बरेच वाचक टेप शोधायला उठतील.

आपल्या,
सार्वजनिक आरोग्य विषयाच्या दोन अध्यापिका, पुणे