कॅरीबॅगेला किंमत लावा, सगळीकडे एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दुकानदारांनी मनावर घेतले तर प्लास्टिकच्या पिशव्या आठ दिवसांत बंद होतील’ अशा आशयाचे वाचकपत्र आपल्या अंकात नुकतेच वाचले. मी किराणा दुकानदार आहे. पत्रलेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही, पण ते काउंटरच्या पलीकडे उभे राहून बोलत आहेत. अलीकडून काय दिसते तेही छापून यावे म्हणून लिहितो.

संध्याकाळी कामावरून परतणारे गिऱ्हाईक गाडी चालू ठेवूनच साखर, चहापूड, साबण सांगते. हातात पिशवी नसते. ‘कॅरीबॅग ठेवत नाही’ म्हटले तर ते भांडत नाही, उद्यापासून समोरच्या दुकानात जाते. महिन्याची यादी देणारे, वहीवर उधारी असलेले घर थांबेल. रोखीचे गिऱ्हाईक थांबणार नाही. म्हणजे कायदा पाळणाऱ्याचा गल्ला कमी होतो आणि न पाळणाऱ्याचा वाढतो. दंड व्हायचा तेव्हा होतो, गिऱ्हाईक मात्र त्याच दिवशी तुटते. एकट्या दुकानदाराने मनावर घेऊन हे कसे सुटावे?

एकदा ते सुटल्यासारखे झाले होते. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू केली. पहिल्यांदा सापडल्यास ५ हजार रुपये, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. आमच्या बाजारात तेव्हा कोणाकडेच पिशवी नव्हती, त्यामुळे कोणाचेच गिऱ्हाईक तुटले नाही. लोकांनी माळ्यावरच्या जुन्या पिशव्या झटकून काढल्या. कुरकुरत का होईना, आणल्या. ‘लोकांना सवयच नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवून पाहावेत. नियम सगळ्यांना सारखा असला की सवय फार लवकर लागते.

पुढे आठवड्याभरातच किराणा मालाच्या पॅकिंगला सवलत मिळाली. ती हवीच होती; सुटी डाळ आणि गूळ गिऱ्हाइकाच्या ओंजळीत घालता येत नाही. पण बाजारात तिचा अर्थ ‘बंदी उठली’ असाच लावला गेला. तपासणी थंडावली, एकाने पिशवी द्यायला सुरुवात केली, मग दुसऱ्याने, आणि गाडे मूळ पदावर आले.

त्यात जाडीचा घोळ. केंद्राच्या नियमांत पिशवीची किमान जाडी १९९९ मध्ये २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होती, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ती ७५ झाली आणि डिसेंबर २०२२ च्या अखेरीस १२०. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कॅरीबॅग जाड असो की पातळ, बंदच. आता एक नियम जाडी मोजायला सांगतो, दुसरा म्हणतो मोजूच नका. आम्हाला पिशव्या विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘शेठ, ही जाडवाली आहे, चालते.’ कोथिंबिरीच्या जुडीमागे बसलेल्या बाईने मायक्रॉन कशाने मोजायचा?

जाडी वाढवण्यामागचा विचार मला मान्य आहे. पातळ पिशव्या किलोभर जमवायला कचरावेचकाला ढीग उपसावा लागतो, म्हणून त्या तो उचलतच नाही. जाड पिशवीला भंगारात थोडा तरी भाव येतो. शिवाय जाड पिशवी महाग पडते, ती दुकानदार फुकट वाटत नाही. पण मग जाडीची अट ही मागच्या दाराने लावलेली किंमतच झाली. ती पुढच्या दाराने का लावू नये?

तसा प्रयत्न आपल्याकडे झाला होता, ही गोष्ट आज कोणी बोलत नाही. २०११ च्या केंद्रीय नियमांत दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये असे स्पष्ट म्हटले होते. २०१६ च्या नियमांत पिशव्या देणाऱ्या विक्रेत्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिन्याला किमान ४ हजार रुपये भरावेत अशी तरतूद आली. छोट्या दुकानदाराला ती परवडणारी नव्हती हे मी मान्य करतो. पण ती दुरुस्त करण्याऐवजी २७ मार्च २०१८ च्या दुरुस्तीत पिशवीच्या किमतीचा तो नियमच वगळला गेला. राज्याने बंदी जाहीर केली त्याच्या चारच दिवसांनी! बंदी कागदावर राहिली आणि किंमत कागदावरूनही गेली.

किंमत घेणाऱ्याची गत काय होते तेही पाहा. चंडीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये एका नामांकित पादत्राणे कंपनीला कागदी पिशवीचे ३ रुपये घेतल्याबद्दल ९ हजार रुपये भरायला लावले. पिशवीवर कंपनीची स्वतःची जाहिरात होती, त्यामुळे ग्राहकाची बाजू चुकीची म्हणता येत नाही. पण आमच्यासारख्याने त्यातून काय समजावे? पिशवी दिली तर एक कायदा मोडतो, पैसे घेतले तर दुसरा, आणि नाही दिली तर गिऱ्हाईक मोडते.

आयर्लंडने मार्च २००२ मध्ये बंदी घातली नाही, प्रत्येक पिशवीवर १५ सेंटचा कर लावला. तो ग्राहकाकडून वसूल करणे बंधनकारक केले आणि पैसा पर्यावरण निधीत जमा केला. वर्षाला माणशी ३२८ पिशव्या लागत होत्या, त्या २१ वर आल्या. त्याच वर्षी बांगलादेशाने पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घातली. पुराच्या वेळी अशा पिशव्यांनी ढाक्याची गटारे तुंबली होती, कारण अगदी रास्त होते. तरी २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथल्या सरकारला तीच बंदी आधी सुपरशॉप म्हणजे मोठ्या दुकानांत आणि मग बाजारांत नव्याने लागू करावी लागली. आयर्लंड छोटा आणि श्रीमंत देश आहे, तिथे आपल्यासारखे गल्लोगल्ली हातगाडीवाले नाहीत, हे मलाही कळते. पण गल्ल्यात हात घालायला लागला की माणूस विचार करतो, याला श्रीमंती लागत नाही. आमच्याकडे तर जास्तच करतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की पिशवी कापडी असो, कागदी असो वा आणखी कसली, फुकट द्यायला सर्वच दुकानांना मनाई करा. किमान किंमत सरकारने ठरवावी, ती बिलावर वेगळी दिसावी आणि तिच्यातला ठरावीक भाग नगरपालिकेच्या कचरा विभागाकडे जावा. दुकानदाराला त्यात कमाई नको. प्लास्टिकची बंदी आहे तशीच राहू द्या. पण पर्यायही फुकट मिळत राहिला तर उद्या कागदाचे ढीग साचतील, एवढाच फरक. ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारी, असे छापलेल्या हिरव्या पिशव्यांचे तर विचारूच नका. खरी असेल तर तिच्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक हवा आणि ती कुजायला मोठ्या प्रकल्पातली उष्णता हवी. बोळातल्या उकिरड्यावर ती पडून राहते. खोटी कोणती, हे गल्ल्यावर बसून मलाही ओळखता येत नाही.

भाजीवाली, मासेवाली, हातगाडीवाला बिल देत नाहीत. तिथे ही किंमत चालणार नाही, आणि त्यांच्या दिवसाच्या कमाईपुढे ५ हजारांचा दंड म्हणजे क्रूर थट्टा आहे. त्यांच्यापर्यंत पिशवी पोचण्याआधीच ती अडवायला हवी. ती शेतात उगवत नाही. कुठल्या तरी कारखान्यात होते, टेम्पोत भरली जाते, गोदामात उतरते आणि किलोवर विकली जाते. एका गोदामात जेवढा माल एका दिवसात सापडेल, तेवढा शंभर हातगाड्या उलट्या करून सापडणार नाही. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या बाभळींवर लटकलेल्या चिंध्या आपल्या वाचकांनी पाहिल्या असतील. पूर काही पिशव्यांनी आणला नव्हता, तो पावसाने आणि धरणांच्या विसर्गाने आला. पण पाणी उतरल्यावरही त्या तिथेच होत्या.

तेव्हा पुढच्या मोहिमेपासून निदान एवढे तरी सुरू करावे: जप्त केलेली पिशवी कोणाकडून घेतली, हे दंडाच्या पावतीवर लिहून घ्यावे आणि महिनाअखेर ती नावे आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावीत. त्यात माझ्यासारख्या दुकानदारांना माल देणाऱ्यांची नावे आली तरी हरकत नाही.

आपला,
एक किराणा दुकानदार, सांगली जिल्हा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)